जिवंत असल्याचा सांगावा

दिवाळीत आमच्या चाळीला दोनच रांगोळ्या असतात. एक माझी, आणि एक ज्यांना त्या वर्षी गावाला जाता आलं नाही त्यांची. बाकी सगळ्या दारांना कुलपं. भोसरीच्या वर्कशॉपात, चाकणच्या कंपन्यांत राबणारी माणसं वर्षभर मोशीत राहतात खरी, पण दिवाळीला आपापला जिल्हा गाठतात. चाळ अशी ओस पडते की नळाला पाणी आलेलं माझं मलाच ऐकू येतं.

त्या वर्षी दुसरी रांगोळी परभणीकडच्या मुलीची होती. नाव सांगत नाही, आणि कुणाचंच सांगणार नाही. तिला मी इथं परभणीची म्हणते, कारण चाळीत तिला तेच म्हणायचे. नववीत होती. बाप चाकणला कंत्राटावर. दिवाळीत ओव्हरटाइम लागला म्हणून त्यांचं गावाला जाणं हुकलं होतं, आणि गावाकडं आजी वाट बघत होती. घरात फोन एकच, तो बापाचा. त्याची काच फुटली म्हणून दुकानात टाकला, तर दुकानदारही दिवाळी करायला गावी निघून गेला, शटर ओढून. फोन आत, माणसं बाहेर.

एवढं नीट सांगते आहे, कारण पुढचं सगळं ह्या बंद शटरातून निघालं.

त्याआधी मी काय करते ते सांगायला हवं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं पोरांची पुस्तकं वाचून वाचून शिकले, आणि माझी मुलं दहावीला बसली त्याच्या मागोमाग मीही बाहेरून बसले. आता संध्याकाळी ओट्यावर चाळीतल्या पोरांचा अभ्यास घेते. रविवारी फोनचा तास. हो, फोनचा! पोरांचा सगळा अभ्यास त्याच्यात शिरला, तर तिथं आपल्याला नको का शिरायला? कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, काढला तरी टाकायचा नाही, खरं-खोटं कळल्याशिवाय पुढं ढकलायचं नाही, हे मी दर रविवारी सांगायची. शाळेत पोलीस चौकीतल्या मॅडमही येऊन गेल्या होत्या. कायदा काय म्हणतो ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमबरोबर फोटो काढले. प्रश्न विचारले तर उत्तरं फटाफट. सगळं पाठ.

तर दिवाळीच्या त्या सुट्टीत पोरींच्या ग्रुपवर परभणीची दिसेना. दिसणार कुठून, फोन दुकानात. एकीनं विचारलं, कुठं गेली गं ही? दुसरी म्हणाली, गेलीच वाटतं. मग हसणं सुरू झालं. त्यांच्यातली एक मोशीच्या जुन्या घरातली. तिच्या आजोबांची शेती होती, आता त्या शेतावर इमारती उभ्या आहेत. तिला आपण गावातली म्हणू. हिचा स्वतःचा फोन, चांगल्यातला. हिनं शाळेच्या सहलीतला परभणीच्या पोरीचा फोटो घेतला, त्याला झेंडूची माळ घातली, खाली समई पेटवली आणि वर लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. फोनमध्ये त्याचा साचा तयारच असतो म्हणे. तोंड बसवलं की झालं. आपल्याकडं चौकाचौकात लागलेले फलक बघून बघून पोरांना त्याचं काही वाटेनासं झालंय. टवाळ पोरं मित्राच्या वाढदिवसालासुद्धा असला फोटो टाकतात, माळ घालून.

ग्रुपवर हशा पिकला. एकीनं तो उचलून स्टेटसला ठेवला. तिच्या घरी वरच्या खोलीत एक भाडेकरू होता, नेमका ह्या परभणीच्या पोरीच्याच गावचा. कंपनीच्या गेटवर, फोन लॉकरमध्ये टाकायच्या आधी त्यानं ते बघितलं आणि गावाच्या ग्रुपवर पाठवून दिलं. 'आपल्या गावची लेक' असं दोन ओळींत लिहिलं, हात जोडले आणि शिफ्टला आत गेला. चांगल्या मनानंच केलं हो त्यानं. गावाला कळवणं हे आपलं कर्तव्य, एवढाच विचार. पण ती पोरगी त्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून राहत होती. चालत आला असता तर त्याला ती दळण घेऊन येताना दिसली असती.

गावाहून लोकांनी बापाला फोन लावला, तो बंद. भाडेकरूला लावला, तो लॉकरमध्ये. दोन्ही फोन लागत नाहीत म्हटल्यावर गावानं जे समजायचं ते समजून घेतलं.

सकाळी मी ओट्यावर पणत्या पुसत बसले होते. समोर परभणीची ओणवी होऊन रांगोळीत रंग भरत होती. रिक्षातून एक माणूस उतरला. खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले, कपडे चुरगाळलेले. तो तिचा काका होता, रात्रभर एसटीत उभ्यानं आलेला. हळूहळू दारापाशी आला. पोरीनं चाहूल लागून मान वर केली.

"काका! अन् सांगितलं न्हाई येनार म्हणून?"

तो माणूस होता तिथंच खाली बसला, थेट रांगोळीत. पोरगी ओरडली, "अहो काका, माझा मोर!" तिच्या दोन्ही मनगटांना धरून तो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग असा रडला की मला पणती खाली ठेवावी लागली.

पाणी पाजलं, चहा दिला, तेव्हा त्याच्या तोंडून सगळं कळलं. मी म्हटलं, "आधी आजीला फोन लावा." माझ्याच फोनवरून लावला, चेहरा दिसतो तसला. तिकडं कुणीतरी फोन म्हातारीच्या समोर धरला. तिच्या कपाळाला पट्टी बांधलेली. काकानं पोरीला पुढं केलं.

"माय, ही बघ. हाय तुझी नात. बोल गं आजीला."

"आजी, मी हाय. मला काही झालं न्हाई. आमचा फोन बिघडलाय नुसता."

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग पदर तोंडावर घेतला.

"उचला ते," म्हणाली. "हे म्या बघितलेलं हाय."

काका म्हणाला, "काय बघितलंय? माय, अगं खरीच हाय ही!"

"त्या लग्नात नवरदेवाचा आजा असाच बोलला होता. हात वर करून आशीर्वाद देत होता. त्याला मरून वरीस झालं होतं. मला येडी समजता काय रे?"

मला काही कळेना. काकानं सांगितलं. गावात उन्हाळ्यात एका बड्या घरचं लग्न झालं होतं. त्यात मोठ्या पडद्यावर नवऱ्या मुलाचे वारलेले आजोबा दाखवले. फोटोवरून कुणीतरी तयार करून घेतले होते. ते हसले, हात उचलला, 'सुखी राहा' म्हणाले, आणि आवाजही त्यांचाच. सगळा मांडव रडला होता. ही म्हातारी पुढच्या रांगेत बसली होती.

पोरीनं मग खुणेच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. आपण चिंचा कुठं वाळत घातल्या, शेळीला काय नाव ठेवलं. म्हातारी आणखीच रडायला लागली.

"पोरगा मागून शिकवायलाय तिला. मला कळू नये म्हणून करायलेत सगळे. माझा भाऊ गेला तवा बी मला असंच झुलवत ठेवलं होतं."

खरोखरच ठेवलं होतं, काका म्हणाला. म्हातारीच्या जिवाला सोसणार नाही म्हणून. तिकडून फोन धरणाऱ्यानं सांगितलं की बातमी आल्यापासून तिनं तोंडात घास घातलेला नाही, चहासुद्धा नाही. साखरेचा आजार आहे, गोळ्याही फेकून देते. डॉक्टर येऊन गेला, पण ती दातच उघडत नाही.

खोटं फोनमधून गेलं होतं. खरं मात्र फोनमधून परत जाईना.

तोवर बाप रात्रपाळीहून आला. त्याला सगळं कळलं तेव्हा तो आधी भिंतीला टेकला, आणि मग म्हणाला, "चौकीत जातो. सोडणार न्हाई." मी त्याच्याबरोबर गेले. शाळेत आलेल्या त्याच मॅडम होत्या. त्यांनी गावातलीला आणि तिच्या आजोबांना बोलावून घेतलं. त्या पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तोंड चालूच.

"आम्ही मजा करत होतो. सगळेच करतात. वाढदिवसाला पण करतात."

आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मजा व्हय? मग माझाच टाकायचा की फोटू. माझं वय बी झालंया. कुणी शंका बी घेतली नसती."

मॅडमनी तिला समोर बसवलं आणि शाळेत बोलल्या होत्या तेच पुन्हा सांगितलं, पण ह्या वेळी पडद्याशिवाय. दुसऱ्याचा फोटो न विचारता घेऊन असलं खोटं बनवलं, पसरवलं, तर त्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. मी नुसतं पुढं पाठवलं म्हणणाराही त्यातून सुटत नाही. अठराच्या आतली म्हणून तुझ्यासाठी वेगळं मंडळ आहे, पण तिथंही उभं राहावं लागेल. मग बापाकडं वळून म्हणाल्या, "तक्रार करायचा तुमचा हक्क आहे, मी लिहून घेते. पण ती म्हातारी जेवत नाहीये. आधी पोरीला तिच्यापुढं नेऊन उभी करा. कागद कुठं पळत नाही."

बापाला निघता येईना. कंत्राटाचा माणूस, दोन दिवस गैरहजर राहिला तर गेटवरच पास काढून घेतात. काका म्हणाला, मी एसटीनं नेतो. तेव्हा गावातलीचे आजोबा उठले.

"एसटीनं न्हाई. आमच्या पोरीनं केलंया, आमीच निस्तरणार. सकाळी गाडी काढतो. आणि हीबी येणार." नातीकडं बोट केलं त्यांनी. "तोंड दाखवायला."

गावातली रडत म्हणाली, "मी नाही जाणार. ते मारतील मला."

मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर."

पहाटे निघालो. पुढं आजोबा आणि गाडी चालवणारा त्यांचा पुतण्या. सगळ्यांत मागं पिशव्यांजवळ काका. मधल्या सीटवर मी, आणि माझ्या दोन बाजूंना दोन पोरी. चाकण गेलं, शिक्रापूर गेलं, नगर आलं, तरी दोघी एक शब्द बोलेनात. परभणीची खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "सहलीतला तो माझा चांगला फोटो होता." बस, एवढंच. गावातलीनं ओढणी तोंडात धरली.

बीड मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया दिसायला लागल्या. तेव्हा मी आपणहून बोलायला लागले. मला गप्प बसवत नाही, ते सगळ्या चाळीला माहीत आहे. माझं माहेर खेडच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं फोन नव्हते तेव्हा माणूस गेला की नातेवाइकांच्या गावांना सांगावा घेऊन माणूस जायचा. आमच्याकडं माझे एक चुलते जायचे. त्याची रीत होती. ज्या घरात मयत झालं त्या घरी आधी स्वतः जाऊन यायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच चालायला लागायचं. दुसऱ्या गावात पोचलं की घरात शिरायचं नाही. अंगणात उभं राहायचं, घरातला जाणता माणूस बाजूला बोलवायचा, कोण गेलं, कुणी धाडलं ते त्याच्या कानात सांगायचं. बायकांपुढं, पोरांपुढं एकदम बोलायचं नाही. त्यांना सावरायला कुणी जवळ आलं की मग पुढच्या घराला. आणि त्या घरचं पाणी प्यायचं नाही. ऊन असो, कितीही चाल झालेली असो.

"पाणी का नाही?" गावातलीनं विचारलं. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

"आम्हाला कुणी कारण सांगितलं नाही. मला वाटतं, ज्या घरात आपण रडणं घेऊन गेलो, तिथं घोट कसा उतरणार घशाखाली?"

तिनं पुन्हा विचारलं, "आणि बातमी खोटी निघाली तर?"

पुढून आजोबा म्हणाले, "खोटी कशी निघंल? त्यो बघून आलेला असायचा की."

संध्याकाळी पोचलो. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, अंगणात माणसं बसलेली. गाडीतून परभणीची उतरली आणि बायकांचा असा आवाज उठला की ती घाबरून मागं सरली. काकानं तिला आत नेलं. म्हातारी भिंतीशी पडून होती. पोरगी जवळ गेली, तरी म्हातारी डोळे उघडेना. "आता पोरगीच आणून बसवली का कुणाची," असं काहीतरी पुटपुटली. मग पोरीनं तिचा हात उचलून आपल्या मानेवर ठेवला. मानेमागं लहानपणी भाजल्याचा चट्टा होता तिच्या, उकळत्या दुधाचा. म्हातारीची बोटं चट्ट्यावर फिरली. एकदा, मग पुन्हा. मग ती उठून बसली, पोरीचं डोकं मांडीत ओढलं आणि केस हुंगायला लागली.

बऱ्याच वेळानं कुणीतरी दूधभाकरी कुस्करून आणली. पोरीनं भरवली, म्हातारीनं खाल्ली. आम्ही सगळे त्या घासांकडं बघत होतो.

मग तिचं लक्ष दारातल्या पोरीकडं गेलं. "ही कोण लेकरू?"

गावातली पुढं आली, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"आजी, तो फोटो मी केला होता."

म्हातारीनं तिला खालवर न्याहाळलं. कुणी तरी मागून, "हिलाच हाणा," म्हणालं. म्हातारीनं हात करून त्याला गप्प केलं.

"माळ कशाची घातली होतीस?"

"झेंडूची."

"हं," म्हणाली. "हिच्या बारशाची कुंची होती माझ्यापाशी. माझ्या हातची, खणाची. तिच्या पोराला घालीन म्हणून पेटीत जपली होती. परवा गंगेला सोडली. गेलेल्या माणसाची वस्तू घरात कशाला ठेवावी?"

गंगा म्हणजे तिकडं गोदावरी. गावातली हुंदके देत म्हणाली, "मी नवीन शिवून देईन, आजी. मी शिकेन."

"नवी तू शिवशील, बाळ. पण तीत हिचं डोकं मावलं होतं का कधी?"

रागानं नाही बोलली ती. म्हणून जास्त लागलं. परतीच्या वाटेवर गावातली तेवढंच एक वाक्य सारखं आठवत असणार, कारण मधूनच परभणीच्या डोक्याकडं बघायची आणि मान फिरवायची.

परत आल्यावर आम्ही चौकीत गेलो. मॅडमनी गावातलीला, तिच्या घरच्यांना समज दिली, लिहून घेतलं, ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये तो फोटो होता त्यांना काढून टाकायला लावलं. बापानं तक्रार पुढं नेली नाही. पण मॅडम म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहेत तेवढेच काढले. कुठं कुठं गेला असेल ते कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी पोरं ओट्यावर जमली. मी काय शिकवणार होते ते मला आता आठवत नाही. गावातलीच उठून म्हणाली, "ज्यांनी बघितला त्यांच्या घरी जाऊन सांगू का? दोघी?"

"फोनवरून सांगितलं तर चालणार नाही?" एका पोरानं विचारलं. परभणीची त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तो बसला.

मग आम्ही निघालो. पुढं दोघी, मागं मी, काठी टेकत. चाळीमागच्या गल्ल्या, नदीकडची जुनी घरं, नव्या सोसायट्यांची गेटं. प्रत्येक दारात गावातली उभी राहायची, मोठ्या माणसाला बाहेर बोलवायची आणि म्हणायची, "काकू, दिवाळीत हिचा फोटो आला होता तुमच्याकडं. तो मी केला होता, खोटा. ही बघा ही." काही बायकांनी परभणीला जवळ घेतलं, हातावर लाडू ठेवला. काहींनी गावातलीला वाट्टेल ते सुनावलं. "शिकून हेच केलंस का गं?" "बापाच्या पैशाचा माज, दुसरं काय!" तिनं ऐकून घेतलं. एकीनं तर दार लावताना म्हटलं, "आमच्या लक्षात पण नव्हतं, तुम्हीच येऊन सांगताय." तेही ऐकलं.

शेवटचं घर भाडेकरूचं. जिना चढून वर गेलो. तो नुकताच शिफ्टवरून आला होता, बनियनवर. परभणीला बघून त्याचे हात आपोआप जोडले गेले, त्या दिवशी गावाच्या ग्रुपवर जोडले होते तसे. "ताई, माझ्याच हातून गेलं ते," तो तिला म्हणाला. पोरगी त्याच्या लेकीच्या वयाची, तरी ताई म्हणाला. "दोन गल्ल्या होत्या मधे." मग काहीतरी करायचं म्हणून आत गेला आणि तांब्या-पेला घेऊन आला.

परभणीनं घेतलं. मीही घेतलं. दुपारभर चालून माझा जीव कोरडा पडला होता.

गावातलीनं मान हलवली. "नको, काका."

तिचे ओठ सुकले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निघाल्यापासून तिनं एकाही घरी पाणी घेतलं नव्हतं. खरं म्हणजे ही चांगली बातमी होती, जिवंत पोरीची. घ्यायला काहीच हरकत नव्हती. मी तसं म्हणणार होते, पण म्हटलं नाही. जिना उतरून चाळीत आलो, तिनं आमच्या नळाला ओंजळ लावली आणि खूप वेळ पीत राहिली.